वेल्समधल्या टाकलेल्या बायका: ‘वर्कहाउस नाहीतर उपासमार’ हे खरं नाही

सध्या फिरणारा एक मजकूर सांगतो: 1834च्या गरीब कायद्यानंतर वेल्सच्या खेड्यात नवऱ्याने टाकलेल्या बाईपुढे वर्कहाउस (गरिबांना आत ठेवून, काम करून घेऊन पोसणारं सार्वजनिक घर) किंवा उपासमार एवढंच उरलं, पळालेल्या नवऱ्याला कुणी जाब विचारत नसे, आणि 1886पर्यंत तिच्यासाठी कायदाच नव्हता. त्यामागची कळकळ मला पटते. पण तिन्ही विधानं चुकीची आहेत आणि बाईचे खरे हाल कुठे होत, ते त्यांनी झाकलं जातं.

वर्कहाउसचंच बघा. रेडनरशर परगण्यातल्या रायडर युनियनने, म्हणजे गरिबांच्या मदतीसाठी एकत्र केलेल्या पॅरिशांच्या (चर्चच्या हद्दीतल्या गावांच्या) गटाने, ते 1870च्या दशकाच्या अखेरीपर्यंत बांधलंच नाही. ग्रामीण वेल्समध्ये बहुतेकांना मदत घरीच मिळे, आठवड्याला काही शिलिंग. त्यात दयेपेक्षा हिशेब मोठा होता. युनियन चालवणाऱ्या गार्डियन मंडळावर कर भरणारे शेतकरीच बसत, आणि आई-मुलांना आत ठेवून पोसणं त्यांना महाग पडे.

नवरा मोकळा सुटे, हेही खोटं. बायकोमुलांना गावाच्या खर्चावर टाकून पळणाऱ्याला 1824च्या भटकेगिरी कायद्याखाली तीन महिने सक्तमजुरी होऊ शके. युनियन त्याचं वर्णन छापून बक्षीस जाहीर करत. अर्थात हा पाठलाग कराचे पैसे वाचवण्यासाठी होता. बाईला न्याय मिळावा म्हणून नव्हे.

1886च्या कायद्याने दंडाधिकाऱ्याकडून आठवड्याला दोन पौंडांपर्यंत पोटगी मिळू लागली, हे खरं. पण 1857पासूनच टाकलेल्या बाईला स्वतःच्या कमाईसाठी संरक्षण-आदेश घेता येई. मोजे विणून साठवलेले पैसे परतलेल्या नवऱ्याने हिसकावू नयेत, एवढं तरी त्याने साधे.

खरी क्रूरता मदतीच्या अटींत होती. लग्नानंतर बाईचं ‘वास्तव्य’, म्हणजे तिला मदत कोणत्या पॅरिशने द्यायची हे ठरवणारं नातं, नवऱ्याच्या पॅरिशचं होई. तो परागंदा झाला आणि तिने मदत मागितली, की जिथे तिने कधी पाऊलही ठेवलं नाही अशा पॅरिशला मुलांसकट तिची रवानगी होऊ शके. टाकल्यानंतर तीन वर्षं एका जागी राहिलेल्या बाईला हलवू नये, ही तरतूद 1861मध्ये आली. पण ती तीन वर्षं मदतीशिवाय काढायची कशी?

आणि संशय. नवरा-बायको संगनमताने वेगळे झाले असतील, हा धसका लंडनच्या सरकारी अधिकाऱ्यांना कायम होता. म्हणूनच त्यांच्या डिसेंबर 1871च्या परिपत्रकाने सुचवलं की, अपवाद वगळता, टाकलेल्या बाईला पहिले बारा महिने घरी मदत देऊच नये. मुलं लहान असत, हातात काही नसे, आणि नेमक्या त्याच वर्षात तिला आधार नाकारायचा होता.