काळजाचे मार्क

लग्नाच्या पंगतीत बुंदी तिसऱ्यांदा वाढून घेतली आणि रात्री छातीत जळजळलं. मी सोडा पिऊन झोपणार होतो, पण बायकोनं गाडी काढायला लावली. ईसीजीच्या पट्टीवरची एक रेघ डॉक्टरांना आवडली नाही. म्हणाले, "टूडी करून घ्या."

टूडी इको म्हणजे काळजाची सोनोग्राफी: अंधारी खोली, उघडं अंग, डाव्या कुशीवर झोपणं आणि छातीवर गारगार जेली. मग ते यंत्र बरगड्यांच्या फटीत दाबत राहतात. दुखत नाही, गुदगुल्या होतात, पण अशा ठिकाणी हसणं बरं दिसत नाही. पडद्यावर झडपा उघडझाप करत होत्या. मधेच आवाज सुरू केला तर माझं काळीज घुश्श-घुश्श करतंय, मे महिन्यात बोअर आटल्यावर मोटार हवा ओढते तसं! मी दचकलो. ते म्हणाले, रक्त वाहण्याचा आवाज असाच ऐकू येतो.

रिपोर्टवर लिहिलं होतं, ईएफ ६० टक्के.

आता आम्ही लातूरचे. आमच्या वरच्या मजल्यावर नीटची पोरं भाड्यानं राहतात, त्यामुळे आईला मार्कांतलं सगळं कळतं. ती म्हणाली, "साठच? वरल्या पोरीला पंच्याण्णव पडले तरी रडू लालती!" मी सांगितलं, एका ठोक्याला हृदयाचा डावा कप्पा आतलं साठ टक्के रक्त बाहेर ढकलतो, पंचावन्न ते सत्तर म्हणजे उत्तम, शंभर कुणालाच पडत नाहीत. "पेपर अवघड असंल," ती म्हणाली.

तरी त्या रेघेचा संशय राहिलाच, म्हणून सीटी अँजिओ, म्हणजे नसेत औषध सोडून काढलेला काळजाच्या रक्तनळ्यांचा फोटो. आधी क्रिएटिनिन तपासलं, कारण नसेतून सोडलेलं औषध शेवटी किडनीलाच बाहेर काढावं लागतं. आदल्या रात्रीपासून चहा बंद. चहानं ठोके वाढतात म्हणे. चहा नसल्यानं माझे जास्त वाढतात, हे त्या कागदावर छापलेलं नव्हतं. आणि ठोके हवेत साठच्या आसपास. हलत्या लेकराचा फोटो कसा येणार? माझे भरले ८८. गोळी देऊन बाकावर बसवलं. अर्ध्या तासानं ७० वर आले, तेवढ्यात बायकोनं बिल मोठ्यानं वाचलं.

शेजाऱ्यानं घाबरवलं होतं की बोगद्यात घालतात आणि पत्र्यावर दगड पडल्यासारखं वाजतं. ते एमआरआयचं. हे नुसतं मोठं कडं आहे, डोकं बाहेरच राहतं. छातीवर वायरी, जिभेखाली फवारा. तंत्रज्ञ म्हणाला, "मामा, औषध सोडलं की अंग गरम होईल. लघवी झाल्यासारखं वाटंल, पण झालेली नसती."

हे वाक्य ज्यांना कुणी आधी सांगत नाही, त्यांच्याबद्दल मला अतोनात सहानुभूती आहे. गळ्यापासून निघालेली ऊब खाली पोहोचली तेव्हा, माहीत असूनही, माझा माझ्यावरचा विश्वास उडाला. त्यात यंत्र हिंदीत म्हणतं, साँस रोको. मी रोखला. 'छोडो' म्हणेपर्यंतच्या आठ-दहा सेकंदांत मी बुंदी कायमची सोडली. उठल्यावर आधी पायजमा चाचपला. कोरडा!

"दिवसभर भरपूर पाणी प्या," असं सांगून सोडलं. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी पुरवून वापरणाऱ्या गावाला हा सल्ला! पण प्यालो.

संध्याकाळी रिपोर्ट आला. नळ्या मोकळ्या, जळजळ पित्ताची, आणि नळ्यांत किती चुना साठलाय ते सांगणारा कॅल्शियम स्कोअर शून्य. बायकोनं देवापुढं साखर ठेवली. आईचा चेहरा मात्र उतरला.

"शून्य?"

"अगं, यात शून्यच पहिला नंबर असतो."

ती बराच वेळ गप्प बसली. मग पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "असू दे बाळा. औंदा गेलं तर गेलं. पुढल्या साली रिपीटरला बस."