बावीचं पाणी खराब नाही, तुमचा सल्ला खराब आहे

"काका, तुमच्या बावीचं पाणीच खराब आहे. आरओचं भरा." एवढं बोलून दुकानदार पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलासुद्धा.

मी सल्ला मागायला गेलोच नव्हतो. माशांच्या टाकीच्या फिल्टरमध्ये शिंपा ठेवायला जाळीची पिशवी हवी होती. बोलता बोलता टाकीचा पीएच 6 वर आलाय, म्हणजे पाणी आंबट झालंय, एवढं म्हटलं, तर हा थेट बावीवर, आमच्या विहिरीवर, घसरला. केएच, म्हणजे पीएच धरून ठेवणारे पाण्यातले क्षार, किती विचारलं नाही, पाणी कुठलं विचारलं नाही. केएचचं किट आहे का म्हटलं तर म्हणे, "ते आमच्याकडे कुणी मागत नाही." रंगीत खडी, प्लॅस्टिकची झुडपं, तोंड उघडून बुडबुडे सोडणाऱ्या मगरी छतापर्यंत रचल्यात, आणि ज्याच्यावर माशाचा जीव अवलंबून ते कुणी मागत नाही म्हणून ठेवायचं नाही!

खराब म्हणजे काय खराब? त्या पाण्यात तूरडाळ झटक्यात शिजते. अंगाला लावलेला साबण धुता धुता सुटत नाही. गिझरच्या कॉइलवर पांढरा थर म्हणून नाही. मऊ पाणी आहे ते, जांभ्यातून झिरपलेलं. वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलून झेलून या जांभ्यातला चुना कधीच वाहून गेलाय, उरलंय ते लोखंड आणि ॲल्युमिनियम. खडकात चुना नाही म्हणून पाण्यात केएच नाही, आणि केएच नाही म्हणून पीएच टिकत नाही. आणि यावर उपाय काय, तर आरओ! पाण्यात जो काही थोडाफार केएच आहे तोही गाळून टाका! दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

हिशेब साधा आहे. टाकी सायकल होताना, म्हणजे माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया खाणारे बॅक्टेरिया फिल्टरमध्ये वाढवताना, ते 1 मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन खातात तेव्हा पाण्यातली 7 मिलिग्रॅमच्या वर अल्कलिनिटी, म्हणजे हाच केएच, संपते. आमच्या बावीचा केएच 1 ते 2 डिग्री, म्हणजे लिटरमागे 18 ते 36 मिलिग्रॅम. बॅक्टेरियांना खायला म्हणून लिटरमागे 2 मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन टाकलं की त्यातले 14 गेले. दुसऱ्या-तिसऱ्या डोसाला खडखडाट. मग पीएच घसरतो, साडेसहाच्या खाली बॅक्टेरिया सुस्तावतात, 6 च्या आसपास काम जवळजवळ बंद, आणि अमोनियाचा आकडा आहे तिथेच. हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही, ज्याच्या पोटापाण्याचा धंदा आहे त्याला एवढं ठाऊक हवं.

त्यात ते पीएचचं किट. परीक्षानळीत 5 मिली पाणी, तीन थेंब, हलवा, पांढऱ्या कागदासमोर धरा. 7.6 ला निळा, मध्ये हिरवा, 6 ला पिवळा. त्याच्या खाली रंगच नाही. म्हणजे पिवळं दिसलं की पीएच 6 आहे, साडेपाच आहे की 5, आपण नुसतं त्या नळीकडे बघत बसायचं.

व्हिडिओवाल्यांचं तर विचारूच नका. ज्याला बघावं तो पीएच खाली कसा आणायचा तेच सांगतोय. बदामाचं पान टाका, ड्रिफ्टवूड टाका, पीट टाका. अरे, ते घाटावरच्या बोअरचं झालं, सोलापूर-नगरकडच्या जड पाण्याचं! आमच्या दारात बदामाचं झाड आहे, पानं रोज झाडून काढतो, ती टाकीत घालून काय पीएच 4 वर नेऊ? आमच्यासाठी कुणी एक शब्द बोलत नाही. रत्नागिरी, राजापूर, देवगड, इथे माणसं टाक्या ठेवत नाहीत?

आणि मॉली! या दुकानात सगळ्यात जास्त कुठला मासा खपतो तर मॉली. मॉलीला जड पाणी लागतं, पीएच साडेसातच्या वर. आमच्या वाडीतल्या एका पोरानं त्याच दिवशी टाकी आणि त्याच दिवशी मासे नेले, याच दुकानातून, "चोवीस तास मोटर चालव, काही होत नाही" असं ऐकून. आता त्या मॉली एका जागी उभ्या राहून अंग थरथरवतायत, पुढे सरकत नाहीत, पंख मिटलेले. त्यावर इलाज म्हणून त्याला बाटली विकली, पीएच वर नेणारी. आत काय आहे ते बाटलीवर छापलेलं नाही. पीएच खाली असताना टाकीतला अमोनिया बहुतेक अमोनियमच्या रूपात असतो, त्याचा त्रास कमी. पीएच एका अंकानं चढवला की विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. त्या पोराच्या टाकीत अमोनिया साचलेला, आणि दुकानदार त्याला घाईनं पीएच चढवायला लावतोय! पोर रोज येऊन मला विचारतं, काका, वाचतील ना? काय सांगू त्याला?

माझ्या टाकीत आत्ता एकही मासा नाही. सायकल पुरी होईपर्यंत सोडणारही नाही. पाहुणे येतात, "नुसतं पाणी काय बघत बसलात" म्हणतात. म्हणू देत. कालवांची आणि तिसऱ्यांची शिंपं उकळून, घासून, पिशवीत भरून फिल्टरमध्ये ठेवलीत. पाणी आंबट झालं की ती जास्त विरघळतात, पीएच वर आला की हळू. अख्खी किनारपट्टी ज्या शिंपल्यांनी भरलीय ते सोडून ही माणसं बाटल्या विकतात, याचीच चीड येते.

लाइटबद्दल काय बोलायचं. पाऊस जरा जोरात आला की गेली. फिल्टर बंद, हवा बंद, जगवलेले बॅक्टेरिया तासन् तास प्राणवायूविना.

आणि टीसीएल पावडर, पाणी निर्जंतुक करायची क्लोरीनची. पावसाळ्यात बावीत पावडर पडलीच पाहिजे, कावीळ, गॅस्ट्रो काय असतात ते आम्ही वाडीत बघितलंय, त्याला माझा विरोध नाही. पण टाकणारे न सांगता टाकून जातात. मोटर लावली की क्लोरीनचा भपकारा येतो तेव्हा आम्हाला कळणार. तेच पाणी टाकीत गेलं तर फिल्टरमधलं सगळं मरेल. क्लोरीन मारणारं हायपो आणून ठेवलंय, बादली भरून बाजूला ठेवतो, सगळं करतो, पण आधी कळलं तर ना! टाका पावडर, पाहिजे तितकी टाका, फक्त टाकायच्या आधी एक फोन करा. नंबर बावीच्या कठड्यावर रंगानं लिहून ठेवलाय.