चहा ‘चोरून’ आणला, तर आसामच्या जंगलातली झाडं कुठून आली?

२१ मे हा जागतिक चहा दिवस जवळ आला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा सारांश असा: चीनने हजारो वर्षं जपलेलं चहाचं गुपित १८४८ मध्ये रॉबर्ट फॉर्च्युन नावाच्या एका स्कॉटिश माळ्याने वेषांतर करून चोरलं. तोवर भारतात चहाचं एकही झाड नव्हतं. त्याने आणलेल्या रोपांवर आसाम-दार्जिलिंगचे मळे उभे राहिले आणि चीनचा व्यापार एकट्या माणसाने बुडवला.

फॉर्च्युन खरा, त्याचं वेषांतरही खरं. नोकराकडून डोकं भादरून घेऊन, खोटी वेणी लावून तो चीनच्या अंतर्भागात शिरला, हे त्यानेच लिहून ठेवलंय. बाकीच्या मजकुरात मात्र तारखा चुकल्या आहेत, आणि तारखांबरोबर माणसंही पुसली गेली आहेत. मला राग येतो तो या दुसऱ्या गोष्टीचा.

‘भारतात चहाचं एकही झाड नव्हतं.’ हे सगळ्यात मोठं खोटं. वरच्या आसामातले सिंगफो लोक इंग्रज तिथे पोचण्याआधीपासून जंगली चहाची पानं वापरत होते. त्यांची रीत आसामातल्या सरकारी चहा-लागवडीवर देखरेख करणाऱ्या चार्ल्स ब्रूसने १८३०च्या दशकात नोंदवली आहे: कोवळी पानं खुडायची, उन्हात सुकवायची, रात्री दवात ठेवायची, मग पोकळ बांबूत काठीने ठासत विस्तवावर धरायची. नळी भरली की तोंड पानांनी बंद करून ती घरातल्या धुरात टांगून ठेवायची. असा चहा बराच काळ टिकतो. त्याला फालाप म्हणतात आणि सिंगफो घरांत तो आजही होतो.

१८२३ मध्ये चार्ल्सचा भाऊ रॉबर्ट ब्रूस सिंगफो प्रमुख बिसा गाम याला भेटला, तेव्हा त्याला ही झाडं कळली. या झाडांची माहिती देऊन ही भेट घडवून आणणारा माणूस म्हणून मणिराम दिवाण यांचं नाव घेतलं जातं. पुढे आसामची पानं कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख नॅथॅनिएल वॉलिक याच्याकडे गेली. हा कॅमेलिया, म्हणजे चहाच्या जवळचं झुडूप आहे, चहा असल्याची खात्री पटत नाही, असं त्याने ठरवलं आणि प्रकरण काही वर्षं थंडावलं. १८३४ मध्ये जेन्किन्स आणि चार्ल्टन या आसामातल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी फळांसकट नमुने धाडले. त्याच वर्षी २४ डिसेंबरला सरकारच्या चहा समितीने मान्य केलं की चहाचं झाड वरच्या आसामचं मूळ रहिवासी आहे, यात संशय नाही. १० जानेवारी १८३९ रोजी आसामच्या चहाच्या आठ पेट्या लंडनमध्ये लिलावात विकल्या गेल्या. आसाम कंपनीची स्थापनाही त्याच वर्षीची. फॉर्च्युन चहासाठी चीनला निघाला तो त्यानंतर नऊ वर्षांनी.

मणिराम या आसाम कंपनीत दिवाण होते. नोकरी सोडून त्यांनी जोरहाटजवळ सिन्नामारा इथे स्वतःचा मळा लावला. व्यापारी तत्त्वावर चहा पिकवणारा पहिला भारतीय म्हणून त्यांचंच नाव घेतात. १८५७च्या उठावात सामील असल्याच्या आरोपावरून २६ फेब्रुवारी १८५८ ला जोरहाटमध्ये त्यांना फाशी दिली गेली आणि त्यांच्या बागा लिलावात गेल्या. भारतीय चहाची गोष्ट सांगताना यांचं नावही न घेणारा मजकूर आपण अभिमानाने पुढे ढकलतो, हे मला सहन होत नाही.

‘१८४८ मध्ये पहिल्यांदा चिनी रोपं भारतात आली.’ तेही नाही. १७९३ मध्ये ब्रिटनहून चीनला गेलेल्या लॉर्ड मॅकार्टनीच्या वकिलातीने चीनमधून चहाची रोपं कलकत्त्याला धाडली होती. १८३३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीची चीन-व्यापारातली मक्तेदारी संपल्यावर गव्हर्नर जनरल बेंटिंकने ती चहा समिती नेमली, आणि तिचा सचिव जॉर्ज गॉर्डन बिया आणायला चीनला गेला. त्या बियांपासून कलकत्त्यात सुमारे ४२,००० रोपं झाली. २०,००० आसामला, २०,००० कुमाऊंकडे हिमालयात आणि २,००० दक्षिणेत निलगिरी, कूर्ग, म्हैसूरकडे गेली. डॉक्टर कॅम्पबेलने दार्जिलिंगला १८४१ मध्ये लावलेला चहा कुमाऊंकडच्या याच चिनी बियाण्याचा. म्हणजे दार्जिलिंगची सुरुवातही फॉर्च्युनच्या आधीची. आसामात तर चिनी जात नीट रुजलीच नाही. उलट ती स्थानिक जातीत मिसळून पीक बिघडवते म्हणून पुढे मळेवाले तिला कंटाळले. भारताचा सुमारे निम्मा चहा आज आसामात होतो आणि त्याचा पाया तिथल्याच मोठ्या पानाच्या जातीचा आहे.

‘चीनबाहेर हे झाड कुणाकडे नव्हतं.’ जपानात चहा शतकानुशतकं पिकत होता. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसला स्वीडनमध्ये १७६३ मध्ये जिवंत रोप मिळालं होतं. डचांनी जावात १८२०च्या दशकातच लागवड सुरू केली. फॉर्च्युनने मोडली ती बंदी वेगळी होती: पहिल्या अफू युद्धानंतर झालेल्या १८४२च्या नानकिंगच्या तहाने परदेशी माणसाला पाच बंदरांत आणि त्यांच्या आसपास वावरायची मुभा होती, आत जायची नव्हती. कायदा त्याने मोडला, आणि तोही ईस्ट इंडिया कंपनीच्या वर्षाला ५०० पौंड पगारावर. त्याला निर्दोष ठरवायचा माझा अजिबात हेतू नाही.

‘एकट्याने केलं.’ इथे जरा थांबावं लागेल. हिरव्या चहाच्या प्रदेशातली वाट त्याला दाखवली ती त्याच्या वांग नावाच्या नोकराने, जो मूळचा तिथलाच. फॉर्च्युन राहिलाही वांगच्या वडिलांच्या घरी. १८४९ मध्ये वुयीच्या डोंगरात, म्हणजे काळ्या चहाच्या मुलखात, त्याच्याबरोबर दुसरा चिनी माणूस होता. बोलणं, मुक्काम, हमाल, चौकीवरची उत्तरं, सगळं हे लोक सांभाळत.

रोपं जगली ती काचपेटीमुळे. लंडनचा डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड याला १८२९ मध्ये दिसलं की बंद बाटलीत मातीतला ओलावा वर जातो, काचेवर जमतो आणि परत मातीत उतरतो. आतलं नेचं बाहेरच्या पाण्यावाचून वाढतं. त्यावरून बनलेल्या पेट्यांतून जहाजाच्या डेकवर, खाऱ्या वाऱ्यात रोपं महिनोन्‌महिने टिकू लागली. चहाचं बी मात्र फार लवकर मरतं. फॉर्च्युनने तुतीची रोपं लावलेल्या पेटीत भरपूर चहाचं बी पसरलं, वर अर्धा इंच माती टाकली आणि पेटी बंद केली. कलकत्त्याला पोचेपर्यंत तुतीच्या खाली चहा उगवला होता. ही युक्ती मात्र खरोखर त्याची, आणि श्रेय द्यायचंच तर इथे द्यावं. शेवटच्या खेपेला सहारनपूरला बारा हजारांवर रोपं मोजली गेली. ती गेली कुमाऊं-गढवालच्या सरकारी बागांत. १८५१ मध्ये त्याच्याबरोबर आठ चिनी कारागीरही आले, चहा तयार करणारे आणि शिशाचे डबे बनवणारे. पान कढईत किती भाजायचं, हाताने कसं वळायचं, हे त्यांच्या बोटांत होतं. ती माणसं आली नसती तर ती रोपं नुसती झुडपं राहिली असती.

‘हिरवा आणि काळा चहा एकाच झाडाचा, हे त्याने हेरगिरीत शोधलं.’ ही गोष्ट त्याने १८४७ मध्येच छापली होती, कंपनीची नोकरी लागण्याआधी. चहाच्या कारखान्यात मात्र त्याने वेगळंच पाहिलं: परदेशी गिऱ्हाइकांसाठी हिरव्या चहाला जिप्सम आणि प्रशियन निळा रंग चोळत होते, आणि कामगारांचे हात निळे झाले होते. त्याच्या हिशेबाने शंभर पौंड चहामागे अर्ध्या पौंडाहून जास्त रंग पोटात जात होता.

राहिला चीनचा व्यापार. इंग्रज चहाचे पैसे चुकवत होते ते अफूवर, आणि माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात होती. त्या नफ्यात मुंबईचे बडे व्यापारी सामील होते. ब्रिटनमध्ये भारताच्या चहाची आयात चीनपेक्षा जास्त झाली ती १८८८ मध्ये, म्हणजे फॉर्च्युनच्या मोहिमेनंतर चाळीस वर्षांनी आणि त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी. मधल्या काळात पान वळायची यंत्रं आली, मळेवाल्यांना सवलतीने जमिनी मिळाल्या आणि छोटा नागपूरसारख्या मुलखातून करारावर मजूर नेले गेले. १८६५च्या कायद्याने पळालेल्या मजुराला वॉरंटाशिवाय पकडायचा अधिकार थेट मळेवाल्याच्या हातात दिला. लंडनच्या बाजारात आसामचा चहा स्वस्तात विकता आला, त्यात या मजुरांच्या घामाचा वाटा फॉर्च्युनच्या बियांपेक्षा कितीतरी मोठा आहे.