जमीन देताना पाळावयाचे शिष्टाचार

नागपूरच्या विकासाला आपल्या शेताची वा प्लॉटची गरज पडलीच, तर सर्वप्रथम एक पथ्य कटाक्षाने पाळावे, ते म्हणजे नोटीस वाचू नये. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने प्राथमिक अधिसूचनेनंतर हरकतीसाठी ६० दिवस दिले आहेत हे खरे. पण सिव्हिल लाइन्समधील जिल्हाधिकारी कार्यालय गाठून ‘यात सार्वजनिक प्रयोजन नेमके कोणते?’ असे विचारणे म्हणजे बारशाला जाऊन बाळाच्या बापाचे नाव विचारण्यासारखे आहे. खासगी कंपनीसाठी संपादन असल्यास ८० टक्के बाधितांची संमती लागते, तेव्हा पहिली सही आपण ठोकावी आणि शेजाऱ्यांपुढे आदर्श ठेवावा.

मोजणीच्या दिवशी बांधावर थांबू नये. काटोलकडे संत्र्याची बाग असेल तर मुळीच नाही, कारण झाडांचे मूल्यांकन जाणकारांकडून करून घेता येते आणि मालक समोर उभा राहिला की बहरातली झाडे ‘पडीक’ लिहिताना कर्मचाऱ्याचा हात उगाच अडखळतो.

निवाडा, म्हणजे मोबदल्याचा आदेश, झाला की रक्कम मुकाट्याने स्वीकारावी. काही चिवट मंडळी पावतीवर सहीच्या वर ‘हक्क राखून’ असे बारीक अक्षरांत लिहितात, कारण निषेध न नोंदवता पैसे उचलणाऱ्याला पुढे वाढीव मोबदल्यासाठी दाद मागता येत नाही. आपण एवढे कोते मन ठेवू नये, शाईही वाचते.

शहरातील प्लॉटवर उद्यानाचे आरक्षण पडून दहा वर्षे उलटली असतील, तरी नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ ची ‘जमीन घ्या, नाहीतर सोडा’ अशी सूचना प्रशासनाला बजावू नये. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे उठते, आणि नकाशावरचा तो सुरेख हिरवा चौकोन पुसण्याचे पाप आपल्या माथी येते. प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची साधनसंपत्ती ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये म्हटले आहे. परंतु ते भांडण मुंबईच्या घरमालकांचे होते, वैदर्भीयाने त्यात कशाला पडावे?

ताबा दिल्यानंतर पाच वर्षे जमीन तशीच पडून राहिली, तर ती मूळ मालकाला वा वारसांना, अथवा शासनाच्या भूमी बँकेला, म्हणजे सरकारी जमिनींच्या साठ्याला, परत जावी, असे कायदा सांगतो. यांपैकी कोणाला, हे ठरवण्याचे ओझे शासनाने स्वतःच्या शिरावर घेतले आहे. आपण तेथे वाढलेल्या बाभळी सरपणासाठी तोडू नयेत, एवढेच. त्या आता सरकारी आहेत.