समोरच्या दाताच्या कॅपचा रंग: तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही लिहिलंय की रूट कॅनालनंतर समोरच्या दाताला बसवलेली कॅप खुर्चीत बसून आरशात बघितली तेव्हा शेजारच्या दातासारखीच होती, पण दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात बघितली तर ती एकटीच पांढरीफटक दिसली. फोन केला तर ‘सवय होईल’ असं उत्तर मिळालं. आता हसताना हात तोंडाशी जातो. आणि आम्ही मटेरियल स्वस्तातलं वापरलं असणार, असा तुमचा संशय आहे. तुम्ही जेवढं लिहिलंय तेवढ्याबद्दलच बोलते. बाकी तपशील इथे मांडणं बरोबर नाही.

रंग चुकलाय, आणि चूक माझी आहे. लॅबला मी ए-१ (दाताच्या रंगाची एक फिकट शेड) लिहून पाठवलं, त्यांनी ए-१ च करून दिलं.

तुमचा केसपेपर काढून बघितला. त्या दिवशी मी दात आधी तासला आणि शेड नंतर बघितली. क्रम उलटा हवा होता. तोंड बराच वेळ उघडं, आत कापूस, वरून हवेचा फवारा, यात शेजारचे दातही सुकतात, आणि सुकलेला दात खडूसारखा पांढरा दिसतो. आमच्याकडच्या शेड गाईडमध्ये, म्हणजे दाताचा रंग जुळवायच्या पट्टीत, १६ नमुने असतात. त्यातला ए-१ मी जुळवला तो तुमच्या सुकलेल्या दाताशी. तुमचा खरा रंग त्याहून गडद आहे.

मग बसवताना ते लक्षात कसं आलं नाही? कॅप चिकटवतानाही दात कोरडे ठेवावे लागतात. म्हणजे तुम्ही आरशात बघितलंत तेव्हा शेजारचे दात पुन्हा सुकलेलेच होते. घरी गेल्यावर ते ओले होऊन आपल्या मूळ रंगावर आले. कधीकधी याला अख्खा दिवस लागतो. कॅप पाणी शोषत नाही, ती होती तशीच राहिली. त्यात मी सगळं खुर्चीवरच्या दिव्याखाली बघितलं. दुकानातल्या दिव्यात साडीला जुळलेलं ब्लाउजपीस बाहेर उन्हात वेगळंच निघतं, दाताचंही तसंच होतं. मी तुम्हाला उठवून खिडकीशी न्यायला हवं होतं.

मटेरियलबद्दल मात्र तुमचा समज बरोबर नाही. कॅप झिरकोनियाची, म्हणजे एका मजबूत सिरॅमिकची आहे, लॅबचं कार्ड तुम्हाला दाखवते. रूट कॅनाल झालेला तुमचा दात आतून काळपट होता, तो झाकायला मी मुद्दाम कमी पारदर्शक प्रकार घेतला. त्याने काळेपणा झाकला जातो, पण शेजारच्या दातासारखा उजेड आत जात नाही आणि दात जरा सपाट दिसतो. हे आधी सांगून तुमचं मत घ्यायला हवं होतं, ते मी केलं नाही.

‘सवय होईल’ हे उत्तर आमच्या दवाखान्यातून गेलं, त्याची मला लाज वाटते. मनापासून माफी मागते.

कॅप नवीन करून देते, एक रुपयाही न घेता. जुनी कापूनच काढावी लागेल, मधले काही दिवस तात्पुरती कॅप असेल. सकाळी दहानंतर या, लिपस्टिक न लावता. हातात काहीही घेण्याआधी खिडकीच्या उजेडात शेड बघू, आधी उजळपणा आणि मग छटा. नमुना दाताशेजारी धरून फोटो काढू आणि आतल्या दाताच्या रंगासकट लॅबला पाठवू. नवी कॅप आधी कच्ची चिकटवून देईन. दोन-तीन दिवस उन्हात, ट्यूबलाइटखाली, फोटोत बघा, घरच्यांना दाखवा. तुम्ही हो म्हटल्यावरच पक्की करू.

एकच विचारायचंय: बाकीचे दात ब्लीच करून घ्यायचा विचार आहे का? असेल तर ते आधी करू आणि दोन आठवडे थांबून मग शेड घेऊ, कारण कॅपचा रंग ब्लीचने बदलत नाही.

रिसेप्शनला सांगून ठेवलंय, तुमचा फोन थेट मला जोडतील.