आमच्याकडून लाइन ओके आहे

आमच्या घरात लाइट गेले तर लाइटवाल्यांचा उद्धार होतो, पाणी गेलं तर पाणीवाल्यांचा. नेट गेलं की मात्र सगळ्या खोल्यांतून माझ्याच नावाने एक प्रश्न येतो, "काय केलंस रे?"

घरभर वायर टाकायची टूम माझी, म्हणून हा मान माझा. खरं तर ती हौस नव्हती, नाइलाज होता. घर साताऱ्यातलं, आजोबांच्या वेळचं, भिंती हातभर जाडीच्या आणि दगडी. वायफाय माजघरातच धापा टाकायला लागतं, माडीवर तर ते चढतच नाही. मुलीचे क्लास माडीवर, माझं ऑफिस मागच्या खोलीत, आईच्या मालिका पुढच्या खोलीतल्या टीव्हीवर. म्हणून जिन्याखाली आठ पोर्टांचा, म्हणजे केबल खोचायच्या आठ भोकांचा, एक स्वस्तातला स्विच (नेट सगळ्या खोल्यांत वाटणारा डबा) बसवला आणि तिथून प्रत्येक खोलीत केबल नेली. तेव्हापासून जिन्याखालच्या त्या कोनाड्यात मी देव्हाऱ्यापेक्षा जास्त वेळ गुडघे टेकतो.

नेट जायची वेळ संध्याकाळची. वारं सुटलं की फायबरच्या डब्यावर एलओएसचा, म्हणजे 'लॉस ऑफ सिग्नल'चा, लाल दिवा लुकलुकायला लागायचा. फायबरमधून नेट येतं ते प्रकाशाच्या रूपात. लाल दिव्याचा अर्थ सरळ आहे : बाहेरून प्रकाशच येत नाही. पण कस्टमर केअरच्या मुलीला तो अर्थ मान्य नव्हता. "सर, राऊटर बंद करून चालू केलात का?" केला. "सर, एकदा माझ्यासमोर करा." आता फोनवर समोर म्हणजे कुठे, हे न विचारता मी पुन्हा केला. तोवर वारं पडलेलं, दिवा हिरवा. "बघा सर, आमच्याकडून लाइन ओके आहे. घरातलं वायरिंग चेक करून घ्या." पाठोपाठ मेसेज : आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे.

हे 'घरातलं वायरिंग' प्रकरण मला झोंबलं. दोष आतला की बाहेरचा, याचा लेखी पुरावा पाहिजे, असं ठरवलं. त्यासाठी पिंग नावाची सोय आहे. 1983 मध्ये माइक म्युस नावाच्या अमेरिकन गृहस्थाने लिहिलेला हा चिमुकला प्रोग्राम. पाणबुड्या शोधायला सोनार वापरतात, त्याच्या आवाजावरून नाव घेतलेलं. दुसऱ्या यंत्राला 'आहेस का?' असं विचारायचं आणि 'आहे' यायला किती वेळ लागला ते मोजायचं, एवढंच त्याचं काम. मी कॉम्प्युटरवर दोन काळ्या खिडक्या उघडल्या. एकीतून 192.168.1.1ला, म्हणजे घरच्याच राऊटरला हाका मारत ठेवल्या, दुसरीतून 8.8.8.8ला, म्हणजे थेट बाहेरच्या जगाला. राऊटर 'ओ' देतोय आणि जग देत नाही, म्हणजे दोष बाहेरचा. राऊटरच 'ओ' देत नाही, म्हणजे दोष आपल्या पदरात. भाऊबंदकीच्या दाव्यात इतका स्वच्छ निवाडा कुणाला मिळाला नसेल.

पुरावा बघून एकदाचा फायबरवाला मुलगा आला. अर्थात तो दारात आला तेव्हा नेट धावत होतं. डॉक्टरांच्या पायऱ्या चढल्यावर दाढ दुखायची थांबते, तसंच. पण मुलगा कामाचा होता. त्याने मीटर लावला, मला बाहेर पाठवलं आणि म्हणाला, "काका, ती झाडावरनं आलेली वायर जरा हलवा." मी हलवली. आतून आवाज आला, "मायनस एकोणतीस! गेलं बघा!" मीटरवर उणे 27च्या खाली प्रकाश गेला की डब्याला दिसेनासं होतं म्हणे. शेजारच्या आंब्याच्या फांदीवर फायबरला काटकोनात वळण बसलं होतं. वारा आला की वळण आणखी आवळायचं आणि प्रकाश तिथेच गळायचा. त्याने वायर सोडवून गोल वळणाने खिळ्याला अडकवली. चहा घेतला. बाहेरचा दोष संपला.

आता आतल्याची पाळी. माडीवर नेट यायचं, पण लंगडत. कॉम्प्युटर 1000 एमबीपीएसऐवजी 100चाच वेग दाखवायचा. केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. 100ला दोन जोड्या पुरतात, 1000ला चारही लागतात. तेव्हा कुठेतरी एखादी तार तुटलेली असणार. पट्टी उघडत गेलो तर माळ्याजवळ सापडलं : इलेक्ट्रिशियनला केबल कमी पडली होती, त्याने दुसरा तुकडा घेऊन तारा पिळल्या होत्या आणि वरून काळी इन्सुलेशन टेप गुंडाळली होती. बल्बची वायर जोडतात तशी. दोन तारा पिळायला तो विसरला होता, पण टेप मात्र मन लावून गुंडाळली होती.

नवीन अखंड केबल ओढली आणि टोकं क्रिम्प करायला, म्हणजे त्यांना कनेक्टर दाबून बसवायला बसलो. तारांचा क्रम ठरलेला : पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हे रामरक्षेसारखं पाठ असलं तरी ट्यूबलाइटखाली पांढरा-केशरी आणि पांढरा-तपकिरी जुळे भाऊ दिसतात. आठही तारा नखाने सरळ करायच्या, ओळीत धरायच्या, सरळ रेषेत कापायच्या आणि श्वास रोखून कनेक्टरमध्ये सरकवायच्या. शेवटच्या क्षणी निळी उडी मारून हिरवीच्या जागी जाते. बायको म्हणाली, "सुईत दोरा ओवताना मला हाक मारतोस, आणि इथे चष्मासुद्धा घातला नाहीस?" चष्मा घातला. 1000 लागलं. मुलीने माडीवरून "आलं!" म्हणून आरोळी दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्या घरातलं नेट ठार. लाल दिवा नाही, आंबा निश्चल. काळ्या खिडकीत बघतो तर राऊटरच 'ओ' देईना. स्विचचे दिवे एकाच ठेक्यात, वेड्यासारखे फडफडत होते. एकेक केबल काढत गेलो. एक काढली आणि सगळं शांत झालं. तिचं दुसरं टोक धरून मागे मागे गेलो, तर ते त्याच स्विचमध्ये.

स्विचला कुणी 'अमुक पत्ता कोणाचा?' असं सगळ्यांना विचारायला सांगितलं की तो ते सगळ्या पोर्टांतून बाहेर पाठवतो. इथे बाहेर गेलेलं दुसऱ्या भोकातून परत आत येत होतं आणि तो ते नव्याने सगळ्यांना पाठवत होता. निरोपांच्या या पाकिटांना मुदत नसते, ती फिरतच राहतात. यावर रेडिया पर्लमन या अमेरिकन संगणकतज्ज्ञ बाईंनी 1985 मध्येच तोडगा काढला, वर त्यावर एक कविताही केली. पण आमच्या स्विचच्या किमतीत तोडगा बसत नव्हता आणि कविताही नाही.

"आई, ही वायर इथे कोणी लावली?"

"मी. झाडताना सारखी पायात येत होती. लोंबकळत होती, दिली खोचून."

"अगं, एका वायरची दोन्ही टोकं एकाच डब्यात घालायची नसतात."

"मग त्याला इतकी भोकं ठेवलीत कशाला?"