मुलांच्या इंग्रजीतली चूक खोडण्याआधी तिच्यामागचं मराठी वाक्य बघा

मराठी माध्यमातल्या मुलाच्या वहीत 'आय ॲम गो टू स्कूल' दिसलं की आपण 'ॲम'वर काट मारतो आणि पुढे जातो. पुढच्या पानावर पुन्हा तेच. मूल निष्काळजी नसतं. त्याने सुरुवातीला 'आय ॲम अ बॉय' घोकलेलं असतं आणि तेव्हापासून 'मी' म्हणजे 'आय ॲम' ही जोडी डोक्यात चिकटून बसलेली असते. ती सोडवायची तर पानाचे दोन रकाने करा. डावीकडे मी कोण आहे, कसा आहे, कुठे आहे याची पाच वाक्यं. तिथे 'ॲम' लागतं. उजवीकडे मी रोज काय करतो याची पाच. तिथे लागत नाही. आठवडाभर रोज एवढंच करून घ्या.

'ही डिड नॉट वेंट' ही तर अस्सल मराठी चूक. आपण 'तो गेला'चं 'तो गेला नाही' करतो, 'गेला' जसाच्या तसा राहतो. मूलही 'वेंट' तसंच ठेवतं. त्याला सांगा, इंग्रजीत भूतकाळ एकदाच दाखवायचा. 'डिड' आलं की त्याने तो दाखवला, आता क्रियापद मूळ रूपात: 'डिड नॉट गो', 'डिड यू गो'. 'डझ'चंही तसंच. 'एस'चं काम त्यानेच केलंय, म्हणून 'शी डझ नॉट प्ले', 'प्लेज' नाही.

विभक्तीचे प्रत्ययही असेच डोकावतात. 'त्याला सांगितलं' म्हणून 'टोल्ड टू हिम', 'माझ्यावर रागावली' म्हणून 'अँग्री ऑन मी', 'तिच्याशी लग्न' म्हणून 'मॅरीड विथ हर'. बरोबर रूपं 'टोल्ड हिम', 'अँग्री विथ मी', 'मॅरीड टू हर'. इथे नियम शोधत बसू नका. शब्द सुटा न देता सोबत्यासकट पाठ करून घ्या.

पाचवीच्या मुलापुढे बारा काळांचा तक्ता टांगणं मला अजिबात पटत नाही. साधा वर्तमान, साधा भूत, चालू वर्तमान आणि 'विल' एवढ्यावर त्याचं बहुतेक लेखन निभतं. पूर्ण वर्तमान नंतर घ्या आणि घेताना एक खाचखळगा आधीच दाखवा: मराठीत 'मी कालच आलो आहे' चालतं, इंग्रजीत 'येस्टरडे'बरोबर 'हॅव कम' चालत नाही, 'केम'च लागतं.

पाठ केलेल्या निबंधावर मी गुण देईन, पण त्यातून मुलाला काय येतं ते कळत नाही. त्यापेक्षा आज घरी काय घडलं याची त्याची स्वतःची पाच वाक्यं, मग ती कितीही मोडकी असोत.

तपासताना एका आठवड्यात एकाच जातीची चूक धरा. या आठवड्यात फक्त क्रियापदं. चुकलेल्या ओळीसमोर समासात नुसती टिंब द्या, उत्तर लिहून देऊ नका; चूक त्याने शोधायची. पान लाल करून टाकलं तर मूल काहीच वाचत नाही, फक्त वही मिटतं. एक ओळ सोडून लिहायला लावा, म्हणजे दुरुस्त वाक्य चुकीच्या वरच बसतं. आणि वही देण्याआधी त्याने स्वतःचं लिखाण शब्दाखाली बोट ठेवून मोठ्याने वाचावं. गाळलेले 'इज' आणि 'द' बरेचदा तिथेच सापडतात.